गाइडचा एच-इंडेक्स पाहण्याआधी: मॉलेक्युलर बायोलॉजीतल्या संशोधकाचं काम कसं वाचावं

नेट-जेआरएफ निघालं की एम.एस्सी.च्या मुलामुलींचं पुढचं काम म्हणजे पीएच.डी.साठी गाइड शोधणं. संस्थेच्या वेबसाइटवरून प्राध्यापकांची नावं घ्यायची, एकेक नाव गूगल स्कॉलरवर टाकायचं आणि उजव्या चौकटीतले आकडे मित्रांच्या ग्रुपवर पाठवायचे. एकूण सायटेशन्स (इतरांच्या पेपरमध्ये मिळालेले संदर्भ) इतकी, एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन्स मिळून काढलेला आकडा, त्याचा हिशेब पुढे येईल) इतका. आकडा मोठा तो गाइड मोठा, हे दोन मिनिटांत ठरून जातं. पुढची पाच-सहा वर्षं मात्र त्याच लॅबमध्ये काढायची असतात. आकडे खोटे नसतात, पण ते कशाचे आहेत हे समजल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही, आणि ते समजायचं तर पेपर उघडावे लागतात. एका संशोधकाचं काम नीट पाहायला दोन संध्याकाळी पुरतात. एवढा वेळ जरूर काढा.

हा लेख मॉलेक्युलर बायोलॉजी आणि तिच्या आसपासच्या विषयांसाठी आहे. इथे एकेका पेपरमागे अनेकांची वर्षं जातात, लेखकांच्या नावांच्या क्रमाला अर्थ असतो आणि एखाद्या साध्या तंत्राचा पेपर लाखांच्या घरात सायट होतो. गणितात किंवा इतिहासात यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

पहिली पायरी: हा माणूस नक्की तोच आहे ना?

सगळ्यात कंटाळवाणी वाटणारी आणि सगळ्यात जास्त घोटाळे करणारी पायरी हीच आहे. पबमेडमध्ये, म्हणजे जीवशास्त्र-वैद्यकाच्या पेपरच्या ऑनलाइन सूचीत, लेखक आडनाव आणि आद्याक्षरांनी सापडतो. ‘जोशी एस’ टाकलं तर देशभरातले सुधीर, स्मिता, संजय, शुभांगी सगळे एकत्र येतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख, शिंदे यांचंही तेच.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं. समजा आडनाव पाटील, नाव संदीप आणि वडिलांचं नाव विष्णू. पहिला पेपर पाठवताना जर्नलच्या फॉर्ममध्ये ‘फर्स्ट नेम’च्या रकान्यात पाटील आणि ‘लास्ट नेम’च्या रकान्यात विष्णू गेलं, की तो पेपर कायमचा ‘विष्णू पी. एस.’ या नावावर नोंदला जातो. पाटील म्हणून शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रियांचं काम तर अनेकदा सरळ दोन तुकड्यांत विभागलेलं असतं: पीएच.डी.चे पेपर एका नावावर, नंतरचे दुसऱ्या. वाघ आडनाव कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. गोव्यातल्या काही घरांत पोर्तुगीज वळणाचं जुनं स्पेलिंग अजून चालतं. एखाद्या बाईंचे सुरुवातीच्या काळातले पेपर दिसत नाहीत म्हणून त्यांनी काही केलंच नाही, असं ठरवू नका. आधी जुनं नाव शोधा.

ही गाठ सोडवायला ऑर्किड क्रमांक सगळ्यात उपयोगी. २०१२पासून मिळणारा हा सोळा अंकी क्रमांक नाव बदललं, संस्था बदलली तरी तोच राहतो. संशोधकाच्या संस्थेच्या पानावर किंवा अलीकडच्या पेपरच्या पहिल्या पानावर तो सापडतो. ऑर्किड नसेल तर पबमेडमध्ये नावासोबत शहराचं किंवा संस्थेचं नाव टाकून शोधा. भारतातल्या प्राध्यापकांसाठी यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘विद्वान’ हे पोर्टलही पाहावं.

गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलबद्दल एक सावधगिरी. तिथे नवे पेपर आपोआप जोडले जाण्याची सोय असते, आणि मालकाने लक्ष दिलं नाही तर सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाचे पेपर येऊन बसतात. मॉलेक्युलर बायोलॉजिस्टच्या यादीत मध्येच काँक्रीटच्या ताकदीवरचा पेपर दिसला, तर एकूण सायटेशन्सचा आकडा बाजूला ठेवा आणि यादी हाताने तपासा.

दुसरी पायरी: यादी सायटेशन्सने नाही, वर्षाने लावा

स्कॉलर प्रोफाइल उघडलं की सर्वाधिक सायट झालेला पेपर वर असतो. ‘वर्ष’ या शब्दावर क्लिक करा, म्हणजे नवं काम वर येईल. तुम्हाला ज्या लॅबमध्ये जायचंय ती आजची लॅब आहे. पंधरा वर्षांपूर्वी अमेरिकेत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा संशोधक) असताना केलेला पेपर कितीही गाजलेला असला, तरी तिथलं यंत्र, तिथला पैसा आणि तिथली माणसं आज इथे असतीलच असं नाही.

आता प्रत्येक पेपरमध्ये नाव कुठे आहे ते पाहा. आपल्या विषयात पहिलं नाव बहुतेक वेळा त्याचं असतं ज्याने बेंचवर काम केलं. शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं. पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेला करस्पाँडिंग ऑथर नावाजवळच्या पाकिटाच्या किंवा चांदणीच्या खुणेने ओळखायचा. मधल्या नावांचं योगदान एखाद्या आकृतीपुरतं असू शकतं, किंवा खूप मोलाचंही. त्यासाठी पेपरच्या शेवटी ‘ऑथर कॉन्ट्रिब्यूशन्स’चा परिच्छेद असतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उदाहरण म्हणून २०१२ साली ‘सायन्स’मध्ये आलेला, डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर-कॅस ९चा पेपर उघडा. लेखक सहा: मार्टिन यिनेक, क्रिस्टॉफ खिलिन्स्की, मग आणखी दोघं, शेवटी जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए. पहिल्या दोघांचं योगदान समान असल्याची तळटीप आहे. शेवटच्या दोघी करस्पाँडिंग ऑथर, दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन लॅबच्या प्रमुख. २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघींना मिळालं. सहा नावांच्या एका ओळीत काम कुणी केलं, दिशा कुणी दिली आणि दोन लॅब कशा जोडल्या गेल्या हे सगळं दिसतं, फक्त तळटीप वाचायची सवय हवी.

गाइड निवडताना माझा भर एका गोष्टीवर असतो: ज्या पेपरमध्ये तुमच्या संभाव्य गाइडचं नाव शेवटी आहे, त्यात पहिलं नाव कुणाचं आहे? विद्यार्थ्यांची नावं पहिली येत असतील तर ती लॅब विद्यार्थ्यांच्या कामाचं श्रेय विद्यार्थ्यांना देते. वर्षानुवर्षं एकच सीनियर पहिला आणि बाकीची मुलं कायम मध्ये, असं दिसलं तर मुलाखतीला गेल्यावर नम्रपणे विचारा.

रिव्ह्यू आर्टिकल्स, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, वेगळी काढा. त्यांत नवा प्रयोग नसतो, पण सायटेशन्स भरपूर मिळतात, कारण प्रस्तावना लिहिणाऱ्याला एक चांगला रिव्ह्यू सायट करणं सोयीचं पडतं. चांगला रिव्ह्यू लिहायला विषयावर पकड लागते, ती पाहावी. पण गेल्या पाच वर्षांत फक्त रिव्ह्यूच निघाले असतील, तर लॅबमध्ये प्रयोग चालू आहेत का हा प्रश्न पडायला हवा.

तिसरी पायरी: एच-इंडेक्स एकदा हाताने काढा

२००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं. ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन्स त्या क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त आहेत, तो एच-इंडेक्स.

कागद घ्या. एका संशोधिकेच्या आठ पेपरना १२०, ४५, २२, ९, ६, ५, २ आणि ० सायटेशन्स आहेत असं धरा. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाच पार. सहाव्याला ५, म्हणजे अडलं. एच-इंडेक्स ५, एकूण सायटेशन्स २०९. दुसऱ्या संशोधकाचे आठ पेपर: १६, १४, १२, ११, १०, ९, ८, ७. सातव्याला ८, पार. आठव्याला ७, अडलं. एच-इंडेक्स ७, एकूण ८७. आता यातलं कोण मोठं? १२० सायटेशन्सचा तो एक पेपर उघडून वाचेपर्यंत याचं उत्तर देता येत नाही.

एच-इंडेक्स कधीच कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी तो वाढत राहू शकतो. त्यामुळे पंचावन्न वर्षांच्या प्राध्यापकाची आणि चार वर्षांपूर्वी लॅब सुरू केलेल्या तरुण प्राध्यापिकेची तुलना या आकड्यावर करणं अन्यायाचं आहे. विषयाचाही फरक पडतो. कर्करोगावर जगभर हजारो लॅब काम करतात, सायट करणारे तेवढे जास्त. ज्वारीच्या किंवा एखाद्या दुर्लक्षित बुरशीच्या जनुकांवर काम करणारे मोजके, आणि त्यांचं उत्तम कामही मोजक्यांनाच दिसतं.

शिवाय एकाच माणसाचा आकडा तीन ठिकाणी तीन दिसतो. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीचे मसुदे), परिषदांचे गोषवारे असं बरंच काही मोजतं, म्हणून तिथला आकडा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूची निवडक जर्नलपुरतं मोजतात, त्यासाठी संस्थेचं सदस्यत्व लागतं. दोन माणसांची तुलना करायचीच असेल तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या. स्कोपसमध्ये स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून पाहण्याची सोय आहे, ती वापरा. थोडं स्वतःचं काम सायट करणं स्वाभाविकच आहे, कारण पुढचा प्रयोग मागच्यावरच उभा असतो. वगळल्यावर आकडा निम्म्यावर आला तर मात्र थांबून पाहावं.

पैसे न लागणारी आणखी एक सोय म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं ‘आयसाइट’. पबमेडमधल्या पेपरची तुलना ते त्याच क्षेत्रातल्या, त्याच काळातल्या पेपरशी करतं. १ म्हणजे एनआयएचच्या निधीवर झालेल्या मधल्या फळीतल्या पेपरइतकं. क्षेत्रांतला फरक यात बराचसा धुऊन निघतो, म्हणून कच्च्या सायटेशन्सपेक्षा मला हा आकडा जास्त न्याय्य वाटतो.

चौथी पायरी: सायट करणाऱ्याने काय म्हटलंय ते वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला प्रथिन मोजण्याची लोरी मेथड तुम्ही केली असेल. बीएसए या प्रथिनाच्या स्टँडर्ड द्रावणाच्या नळ्या, त्यात अल्कधर्मी कॉपर सल्फेटचं मिश्रण, दहा मिनिटं थांबायचं, मग फोलिन रिएजंट टाकलं की नळी तत्काळ हलवायची, कारण अल्कधर्मी द्रावणात ते फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासात निळा रंग चढतो, कलरीमीटरवर ६६० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, आलेख काढायचा. ऑलिव्हर लोरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये ही पद्धत दिली. २०१४ साली ‘नेचर’ने वेब ऑफ सायन्सच्या आधारे जगातल्या सर्वाधिक सायट झालेल्या १०० पेपरची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच पेपरचा होता: तीन लाख पाच हजारांवर सायटेशन्स. दुसरा क्रमांक लेमलींचा, १९७०चा, दोन लाखांवर. तिसरा मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा, १९७६चा, तोही प्रथिन मोजण्याचाच, दीड लाखावर. आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३चा पेपर? पहिल्या शंभरात नाहीच.

याचा अर्थ लोरींचं काम वॉटसन-क्रिक यांच्या कामापेक्षा मोठं, असा होत नाही. लोरींनी स्वतःच पुढे लिहिलं होतं की हा काही थोर पेपर नव्हे. प्रथिन मोजल्याशिवाय पुढचा प्रयोग होत नाही, म्हणून प्रत्येकजण ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये एक ओळ लिहितो आणि लोरींना सायट करतो. दुहेरी सर्पिल मात्र शाळेच्या पुस्तकात गेली, आता ती सांगताना कुणी संदर्भ देत नाही. लेमलींची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. त्यांचा पेपर टी-फोर या बॅक्टेरियोफाजचं (जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूचं) डोकं कसं जुळतं याबद्दल आहे. आज जगभरच्या लॅबमध्ये एसडीएस-पेज (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल) चालवताना जे ‘लेमली बफर’ वापरतात, त्या जेलची कृती तिथे आकृतीखालच्या मजकुरात दिलेली होती. सायट करणाऱ्या लाखोंपैकी फाजच्या डोक्याशी फार थोड्यांना कर्तव्य असतं.

ब्रॅडफर्ड यांच्या पेपरवर त्यांचं एकट्याचं नाव आहे. दीड लाख सायटेशन्सचा तो पेपर एच-इंडेक्समध्ये फक्त एकाने भर घालतो. एकूण सायटेशन्स आणि एच-इंडेक्स यांच्यात इतकं अंतर कसं पडू शकतं ते यावरून कळेल.

आता हेच तुमच्या गाइडच्या पेपरवर करा. सर्वाधिक सायट झालेला मूळ संशोधनाचा पेपर घ्या, रिव्ह्यू नको. खालच्या ‘सायटेड बाय’वर क्लिक करा. वर ‘सायट करणाऱ्या लेखांत शोधा’ अशी चौकट येते, तिच्यावर खूण करून एखादा नेमका शब्द टाका: प्रथिनाचं नाव, जनुकाचं नाव किंवा ‘कॉन्ट्रास्ट’, ‘कन्सिस्टंट’ असा शब्द. मग पाच-सहा पेपर उघडून ते नेमकं वाक्य शोधा. चार प्रकार दिसतील.

काही जण पद्धतीसाठी सायट करतात, म्हणजे लॅबने काहीतरी वापरण्याजोगं दिलंय. काही जण प्रस्तावनेत सात-आठ संदर्भांच्या झुंडीत सायट करतात, त्यातून फारसं काही कळत नाही. काही जण निष्कर्षावर पुढचा प्रयोग उभा करतात: ‘अमुक गटाने दाखवलं, म्हणून आम्ही हे म्यूटेशन केलं.’ अशी दहा सायटेशन्स झुंडीतल्या शंभरांपेक्षा मोलाची आहेत असं माझं ठाम मत आहे. आणि काही जण खोडून काढण्यासाठी सायट करतात.

या शेवटच्या प्रकारचं ठळक उदाहरण आपल्याच विषयातलं आहे. २०१० साली ‘सायन्स’ने कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधल्या एका जिवाणूबद्दल पेपर ऑनलाइन प्रसिद्ध केला. दावा असा की हा जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरू शकतो. पेपर खूप सायट झाला, पण त्यातली कितीतरी सायटेशन्स आक्षेप घेणारी होती. २०१२ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की त्या जिवाणूला वाढायला फॉस्फेट लागतंच. लेखकांचा विरोध असतानाही २०२५मध्ये ‘सायन्स’ने तो पेपर मागे घेतला. लबाडी झाली असं जर्नलने म्हटलेलं नाही, प्रयोगांतून तो निष्कर्ष निघत नाही एवढंच म्हटलं. सायटेशन्सच्या आकड्यात हा वाद कुठेच दिसत नाही, तो वाक्यांत दिसतो.

पाचवी पायरी: वर्षांचे खांब पाहा

स्कॉलर प्रोफाइलमध्ये पेपरच्या नावावर क्लिक केलं की दर वर्षाला किती सायटेशन्स मिळाली त्याचा खांबांचा आलेख येतो. बहुतेक पेपर दोन-तीन वर्षांत वर चढून मग उतरतात. काही उलटे वागतात.

कॅटालिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांचा २००५चा पेपर ‘इम्युनिटी’मध्ये आला. बाहेरून दिलेला आरएनए पेशीत गेला की शरीराची जन्मजात प्रतिकारयंत्रणा टोल-लाइक रिसेप्टर्समार्फत जागी होते. आरएनएमधले काही न्यूक्लिओसाइड बदलले, उदाहरणार्थ युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन घातलं, तर ती गप्प राहते, हे त्यात दाखवलं होतं. तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅरिकोंची त्याआधीच, १९९५ साली, पदावनती झाली होती, कारण एमआरएनएवरच्या कामाला अनुदान मिळत नव्हतं. २०१३मध्ये त्या बायोएनटेकमध्ये गेल्या. २०२०च्या अखेरीस कोविडच्या एमआरएनए लशी आल्या आणि २०२३चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. त्या पेपरचे खांब आज उघडून पाहा: डावीकडे ठेंगणे, २०२०नंतर एकदम उंच. २००८ साली आकडे बघून लॅब निवडणाऱ्या विद्यार्थ्याने ही लॅब नाकारलीच असती.

प्रत्येक दुर्लक्षित पेपरमध्ये नोबेल दडलेलं नसतं. पण तुमच्या गाइडने एखादा प्रश्न कमी सायटेशन्स मिळूनही दहा वर्षं धरून ठेवला असेल, तर त्याची कारणं पेपर वाचून समजून घ्या. पटली तर ती चांगली खूण आहे.

सहावी पायरी: जर्नलचं नाव किती मनावर घ्यायचं

इम्पॅक्ट फॅक्टर ही कल्पना युजीन गारफिल्ड यांची. हिशेब सोपा: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. ही सरासरी आहे, आणि एक पेपर सरासरीला कुठल्या कुठे नेऊ शकतो. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ला २च्या आसपास होता, २००९ला तो ४९.९ झाला. स्फटिकांची रचना काढायच्या ‘शेलएक्स’ या सॉफ्टवेअरच्या इतिहासाचा जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक लेख तिथे आला होता आणि ते सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येकजण तो सायट करत होता. बाकीच्या लेखांत एका वर्षात काहीच बदललं नव्हतं. म्हणून जर्नलच्या आकड्यावरून माणसाला जोखू नका. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सेल बायोलॉजिस्टच्या वार्षिक सभेत निघालेल्या आणि पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या ‘डोरा’ घोषणापत्राचंही हेच म्हणणं आहे.

दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेत, आणि त्याबाबत आपल्याकडच्या मुलांनी फार जागरूक राहायला हवं. यूजीसीने चांगल्या जर्नलची ‘केअर’ यादी तयार करण्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कक्ष सुरू केला होता, २०१९पासून ती यादी वापरात होती. २०२५च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती बंद केली आणि जर्नलची पारख संस्थांवर सोपवली. त्यामुळे आता ‘यूजीसी केअर मान्यताप्राप्त’ असं मिरवणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नका. पेपर पबमेडमध्ये किंवा स्कोपसमध्ये दिसतो का, संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या संस्थेत काम करतात का, पेपर चार दिवसांत स्वीकारला गेला का, हे पाहा. पेपरच्या पहिल्या पानावर ‘रिसीव्ड’ आणि ‘ॲक्सेप्टेड’ तारखा असतात. बायोआर्काइव्हवरचा प्रीप्रिंट मात्र या रांगेत बसवू नका. तो तपासणीच्या आधीचा मसुदा असतो, आणि चांगल्या लॅब आपलं काम लवकर लोकांसमोर यावं म्हणून तो मुद्दाम टाकतात.

सातवी पायरी: मागे घेतलेले पेपर

पबमेडमध्ये मागे घेतलेल्या पेपरच्या वर ठळक पट्टी दिसते. अशा पेपरची रिट्रॅक्शन वॉचने केलेली नोंदवही २०२३पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि ती सगळ्यांना खुली आहे. लेखकाचं नाव टाकून शोधा. पबपीअरवरही शोधा, तिथे वाचक वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिन ओळखायच्या चाचणीच्या) पट्ट्या पुन्हा वापरल्यासारख्या दिसतात वगैरे शंका आकृतीसकट मांडतात. अल्झायमरवरचा २००६चा ‘नेचर’मधला एक पेपर दोन हजारांहून जास्त वेळा सायट झाला होता. आकृत्यांत फेरफार झाल्याचं निष्पन्न होऊन तो मागे घेतला गेला २०२४ साली, अठरा वर्षांनी.

एखाद्या नावापुढे अशी नोंद दिसली की लगेच ग्रुपवर टाकू नका. कारण वाचा. स्वतःच्या प्रयोगात गफलत सापडली म्हणून स्वतःहून पेपर मागे घेणारा संशोधक प्रामाणिक आहे, त्याच्याकडे शिकायला जायला हरकत नाही. चौकशीत खोटा डेटा उघड झाला असेल तर गोष्ट वेगळी. पबपीअरवरची शंका ही शंकाच असते, लेखकाने खाली उत्तर दिलंय का आणि मूळ डेटा दाखवलाय का ते पाहावं.

आठवी पायरी: पेपरमधून माणसांपर्यंत

शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गाइडचं नाव टाका. राज्यातल्या विद्यापीठांतून झालेले बरेच प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात. किती विद्यार्थी पूर्ण झाले आणि किती वर्षांनी, ते कळतं. काही राष्ट्रीय संस्थांचे प्रबंध तिथे नसतात, त्यांच्या ग्रंथालयाच्या संग्रहात पाहा. प्रबंधाचं एक प्रकरण वाचलंत तर पेपरमध्ये न आलेले, फसलेले प्रयोगही दिसतील, आणि लॅबमध्ये फसलेल्या प्रयोगाकडे कसं पाहतात याचा अंदाज येईल.

मग मागच्या आठ-दहा वर्षांतल्या पहिल्या लेखकांची नावं घ्या आणि ती माणसं आज कुठे आहेत ते शोधा. त्यांतल्या दोघा-तिघांना साधी, थोडक्यात मेल करा. बहुतेक जण उत्तर देतात. विचारायचं ते नेमकं: पेपरचा मसुदा सर किंवा मॅडम किती दिवसांत वाचून देतात, रिएजंट संपलं तर ऑर्डर यायला किती वेळ लागतो, फेलोशिप संपल्यावर पुढच्या महिन्यांची सोय झाली का. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्रबंध देण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे अशी अट राहिलेली नाही, पण अनेक संस्थांची आणि लॅबची स्वतःची अट असते. तीही याच मेलमध्ये विचारून घ्या.

एवढं झालं की गाइडना मेल लिहायला बसा. त्यात ‘आपलं काम खूप प्रभावी आहे’ असं लिहू नका, एच-इंडेक्सचा तर उल्लेखही नको. अलीकडचा एक पेपर घ्या, त्यातली एक आकृती घ्या आणि तिच्याबद्दल खरा पडलेला प्रश्न दोन-तीन ओळींत विचारा: तिसऱ्या आकृतीत म्यूटंटमध्ये प्रथिनाची पातळी कमी दिसते, पण आरएनए तेवढाच आहे, मग प्रथिन लवकर मोडतंय का, सायक्लोहेक्सिमाइड चेस करून पाहिलं होतं का? खाली तुमचं नाव, कॉलेज, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा विषय आणि तुम्हाला हाताने येणारी तंत्रं लिहा. आणि सही करताना आडनाव शेवटी.